निळा, तीन पॉइंट खाली

अनुपमाला वाचवायला आमच्या हातात अकरा दिवस होते, आणि ते अकरा दिवस आम्ही दोन शहाण्या माणसांनी मशीनची चूक शोधण्यात घालवले. एक शहाणे तिचे वडील, दुसरी मी. हे आधीच सांगून टाकते. कुणाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायची मला हौस नाही, आणि माझा राग कुणावर आहे तेही लपवायचं नाही. निम्मा माझ्यावरच आहे.

साल १९८५. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला आमची फिल्म लॅबोरेटरी होती. शूटिंगची निगेटिव्ह आमच्याकडे धुतली जायची आणि थिएटरला जाणाऱ्या प्रिंटा छापल्या जायच्या. मी कंट्रोलला होते. बी.एस्सी. केमिस्ट्री, वय एकोणतीस, लग्न नाही, आणि राग नाकावर मुक्कामाला. माझं काम मोजायचं. रसायनाचं तापमान मोजा, फिल्मवरच्या रंगाचा दाटपणा मोजा, आकडा चुकला की लाल शाईने रजिस्टरात लिहा. ज्याच्या खात्याबद्दल लिहिलंय त्याने खाली 'वाचले' असं लिहून तारखेसकट सही करायची, हा लॅबचा नियम. माझ्या लाल शाईला अख्खी लॅब वैतागलेली होती आणि मला त्याचा अभिमान होता.

विद्याधर परुळेकर आमचे ग्रेडर. एकाच सीनचे दहा तुकडे दहा वेगळ्या उजेडात काढलेले असतात. ते पडद्यावर सारखे दिसावेत म्हणून प्रत्येक तुकडा छापताना लाल, हिरवा आणि निळा दिवा किती ठेवायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे ग्रेडर. पंचवीस-पंचवीस-पंचवीस म्हणजे सरळ. तिथून पॉइंट वर नाहीतर पॉइंट खाली. छपाईत हिशोब उलटा असतो, निळा दिवा खाली आणला की चित्रातला पिवळेपणा उतरतो. परुळेकरकाका गिरणी कामगाराचा मुलगा, शाळा नववीपर्यंत. पण जो फरक दाखवायला माझं यंत्र मिनिटभर घ्यायचं, तो काका हातातला चहा खाली न ठेवता सांगायचे.

आता 'बाई'बद्दल सांगायला हवं. प्रत्येक रिळाच्या तोंडाशी आम्ही चार बोटं लांबीची एक पट्टी जोडायचो. तिच्यावर एका बाईचा चेहरा आणि शेजारी एक करड्या रंगाचं कार्ड. प्रिंट छापून आली की आधी ही पट्टी बघायची. ती नीट तर पुढचं सगळं नीट. लॅबमध्ये तिला सगळे बाईच म्हणत. "बाई लावली का रे?" असं कुणी ओरडलं की नवखा निर्माता दचकायचा. ही बाई बाहेरून आणलेली चालायची नाही. लॅबमधल्या कुणाच्या तरी घरची हवी, आणि तोंडाला पावडरसुद्धा नको. तिचा रंग प्रत्यक्षात कसा आहे हे बघणाऱ्याला ठाऊक पाहिजे, म्हणून हा रिवाज. तीन वर्षं निगेटिव्ह कटिंगमधली शकु आमची बाई होती. तिची पट्टी ओरखड्यांनी भरली, आणि नवी काढायची वेळ आली.

पुस्तकात लिहिलंय की आधी करडं कार्ड बघावं. करड्याला स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे ते खोटं बोलत नाही. काका यावर हसायचे. "करडं बघतो तो कारकून, मृणाल. चेहरा बघतो तो ग्रेडर." मी अर्थातच कारकुनांच्या बाजूची.

दिवाळी झाली आणि काकांची एकुलती एक लेक अनुपमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा महिना लागलेला. काकांनी ठरवून टाकलं, नवी बाई अनुपमाच. मी फराळाला त्यांच्या मुलुंडच्या घरी गेले तेव्हा तिथे यावरूनच धुसफुस चालली होती.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीच्या पुढ्यात शेजारच्या बिल्डिंगची भिंत, त्यामुळे भर दुपारी दिवा लागायचा. आणि दिवे सगळे पिवळे बल्ब. काकांनी घरात ट्यूबलाइट कधी लावू दिली नाही. ट्यूबखाली माणसाचा चेहरा हिरवा पडतो, तो त्यांना बघवायचा नाही. वनमालाकाकू म्हणायच्या, हे सिनेमातल्या बायांचे चेहरे सुधारतात आणि मी अंधारात तांदूळ निवडते.

"पोटुशी बायकोचो फोटो काढूक नये," काकू म्हणाल्या. "माझी आई सांगायची."

"फोटो नाही गं तो. पट्टी आहे," काका म्हणाले. "वर्षाला कितीतरी रिळांच्या तोंडाशी माझी पोरगी बसणार. तुला कळतंय का?"

अनुपमा हसत होती. बल्बच्या उजेडात तिचा चेहरा उजळ, तुकतुकीत दिसत होता. तेज आलंय पोरीवर, असं मीच म्हटलं. तिने ताटलीतली चकली नुसती फिरवली आणि बाजूला ठेवली.

"जेवण जात नाही गं मला. आणि अंग एवढं खाजतं ना, रात्रभर झोप नाही."

"आठव्या महिन्यात कातडी ताणते, होता तसा," काकू म्हणाल्या. मी चकली संपवली.

सोमवारी संध्याकाळी सहाला, दिवसपाळी सुटल्यावर, पट्टी काढली. अनुपमा टॅक्सीतून उतरली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. आत शूटिंगचे मोठे दिवे लागले. तेही पिवळट, बल्बचे थोरले भाऊ. आमची निगेटिव्ह अशाच दिव्यांसाठी बनवलेली असते. त्या उजेडातला पिवळेपणा ती हिशोबात धरून वजा करते आणि माणूस जसा आहे तसा पकडते. हे मी शिकाऊ पोरांना पन्नास वेळा समजावलं होतं. मी ओल्या नॅपकिनने अनुपमाचं तोंड पुसलं, कुंकू सारखं केलं. तिचे हात गार होते. तीनदा पाणी मागितलं तिने.

"मृणालताई, मी सगळ्या थिएटरात जाणार ना?"

"सगळ्या. पण कुणाला दिसणार नाहीस. ऑपरेटर तेवढं पुढे सरकवून टाकतो."

"चालेल," ती म्हणाली. "बाबांना तर दिसेन ना."

दुसऱ्या दिवशी पट्टीची पहिली प्रिंट आली. पंचवीस-पंचवीस-पंचवीसवर छापलेली. अनुपमा पिवळी होती.

काका बघतच राहिले. मग टेबलावर थाप मारून ओरडले, "कोणाचं पाप आहे हे? माझी पोर अशी आहे?" कोणी काही बोलायच्या आत त्यांनी निळा एक पॉइंट खाली आणला, मग दुसरा, मग तिसरा. पुन्हा छापून आणली. आता चेहरा गुलाबी, भरलेला. "ही माझी अनू," काका म्हणाले, आणि चष्मा काढून पुसला.

माझी नजर चेहऱ्यावर नव्हतीच. शेजारचं करडं कार्ड निळसर झालं होतं. मी ते मोजलं. तीन पॉइंट निळं, अगदी नेमकं. मग पहिली प्रिंट मोजली, तर तिथलं करडं धुतल्या तांदळासारखं. म्हणजे पहिली बरोबर होती, काकांनी सुधारलेली चूक होती.

"काका, तुम्ही बिघडवताय."

"तू आकडे मोज गं. मी पोरगी मोजतो."

इथून भांडण लागलं. काकांचं म्हणणं, रसायन बिघडलंय. धुलाईच्या टाकीवर दशरथ होता, शांत माणूस, वीस वर्षं त्या वासात काढलेली. त्याने बिचाऱ्याने अख्खी टाकी रिकामी करून नवं रसायन भरलं. पट्टी पुन्हा पिवळी. मग काका म्हणाले छपाईच्या मशीनचा दिवा जुना झालाय. दिवा बदलला, आणि बाई पिवळीच राहिली. मग म्हणाले फिल्मच्या डब्याला ऊन लागलं असेल. दर वेळी मी मोजायची, दर वेळी करडं बरोबर निघायचं, आणि दर वेळी मला आतून उकळी फुटायची. खोटं कशाला बोलू? नववी शिकलेला माणूस माझ्या यंत्राला सात वर्षं हसत होता, आणि आता तो माझ्या तावडीत सापडला होता.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, मी रजिस्टर उघडलं आणि लाल शाईने लिहिलं: 'करडा बरोबर. रसायन बरोबर. दिवा बरोबर. चेहरा पिवळा.' शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा ओढल्या आणि रजिस्टर काकांपुढे नेऊन ठेवलं.

त्यांनी वाचलं नाही. वरच्या वर नजर फिरवली, 'चेहरा' एवढा शब्द टिपला आणि भडकले. "माझ्या पोरीच्या चेहऱ्यात खोट काढतेस? तिला जन्मल्यापासून बघतोय मी!"

"मग सही करा."

"नाही करत जा!"

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणाले. दशरथ होता, शकु होती, दोन शिकाऊ पोरं होती. सगळ्यांसमोर म्हणाले. काकांचा चेहरा उतरला. मला तेव्हा बरं वाटलं.

सहीची जागा कोरी राहिली. आणि मॅनेजरने काकांचं ऐकलं, कारण लॅबची अब्रू काकांच्या डोळ्यावर होती. नवी बाई ज्या ज्या रिळाला लागली ते प्रत्येक रीळ तीन पॉइंट निळा खाली ठेवून छापलं गेलं.

आठव्या दिवशी तक्रार आली. एका वितरकाचा फोन. प्रिंट बघितली का तुमच्या कुणी? लग्नाचा सीन आहे, आणि नवरीसकट सगळं वऱ्हाड मढ्यासारखं दिसतंय. हे मॅनेजरने आमच्या सगळ्यांपुढे सांगितलं. शकुने पटकन जमिनीला हात लावून कपाळाला लावला. काका भांडतील म्हणून मी शब्द जुळवून ठेवले होते, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

"अनूला काल उलट्या झाल्या," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "काही पोटात ठरत नाही."

"शेवटच्या दिवसांत होतं असं, काका," शकु म्हणाली. तिला तीन मुलं, तिचा शब्द प्रमाण. "लिंबूसरबत द्या."

"झोपूनच असते दिवसभर. हाक मारली तर उशिरा ओ देते."

मी हे सगळं ऐकलं. तिथेच उभी होते. आणि मी काय म्हणाले? "मग आता तरी निळा पंचवीसवर नेऊ या का?" हे वाक्य मला आजही रात्री उठवतं. चार दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिलेलं मी समोर धरून उभी होते आणि मला त्यात फक्त आकडे दिसत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

अकराव्या दिवशी दशरथ आला. "म्याडम, एक करूया काय? त्याच डब्यातली फिल्म शिल्लक आहे. त्याच दिव्याखाली शकुला बसवूया. त्याच टाकीत धुवूया. शकु पिवळी आली तर फिल्म खोटी. नाही आली तर..." त्याने खांदे उडवले. नाही आली तर काय, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलेलं नव्हतं. इतकी सोपी गोष्ट आम्हाला दहा दिवसांत सुचली नाही, कारण मला जिंकायचं होतं आणि काकांना हरायचं नव्हतं.

सकाळी शकुला बसवलं. दुपारी बाराला दोन्ही पट्ट्या उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्ही पंचवीस-पंचवीस-पंचवीस. दोन्हीकडचं करडं सारखं. शकु आहे तशीच, सावळी, गालावर देवीचे वण. अनुपमा पिवळी.

जिंकले, असं वाटलं. एवढंसं वाटलं, आणि लगेच तिची खाज, उलट्या, दिवसभरची झोप सगळं एकदम आठवलं. मी भिंग घेतलं. आधी शकुच्या डोळ्यावर ठेवलं. बुबुळाच्या कडेचा पांढरा भाग पांढरा. भिंग सरकवून अनुपमाच्या डोळ्यावर आणलं. कातडीचा रंग घराण्यातून येतो, उन्हाने बदलतो, त्यावर वाद घालता येतो. डोळ्यातल्या पांढऱ्यावर वाद नसतो. तो पिवळा होता.

काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. सवयीने त्यांचा हात निळ्याच्या बटणाकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या अंगाला हात लावला.

"काका, आकड्याला हात लावू नका. घरी चला."

"काय झालं?"

"फिल्म बरोबर आहे, काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं चेहरे वाचलेला माणूस, माझा वाचायला त्यांना वेळ लागला नाही.

पवईच्या तलावावरून टॅक्सीने मुलुंडला गेलो. घरात नेहमीसारखा बल्ब जळत होता. अनुपमा भिंतीकडच्या खाटेवर पडलेली, पांघरूण गळ्यापर्यंत. चेहरा उजळ आणि शांत. काका वाकले, बघितलं, आणि त्यांनी मोठा श्वास सोडला.

"कुठे पिवळी आहे?" ते म्हणाले. "मृणाल, बघ की. कुठे पिवळी आहे?"

"बाहेर घ्या तिला. उन्हात."

"वेडी काय गो तू?" काकू पुढे झाल्या. "चेडवाक आत्ता डोळो लागलो. सकाळपासून बडबडत होती. माकाच विचारी, तू कोण."

काका थांबले नाहीत. त्यांनी खाटेचं एक टोक धरलं, मी दुसरं. खाट दारातून निघताना चौकटीला घासली तरी अनुपमा जागी झाली नाही. पायरीपुढे दोन हात ऊन पडलं होतं. तेवढ्या उन्हात खाट ठेवली.

बल्बखालचा चेहरा दारातच राहिला. उन्हात जो आला तो आमच्या पट्टीवरचा होता, पंचवीस-पंचवीस-पंचवीस. त्याहून गडद. गळा पिवळा, तळहात पिवळे. काकांनी अंगठ्याने तिची पापणी वर केली, बघितलं, आणि पापणी हळूच मिटवली. काकूंनी तोंडात पदर कोंबला.

इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कावीळ कधीपासून आहे. कुणालाच सांगता येईना. मला येत होतं. निदान सोमवार संध्याकाळी सहापासून, आणि त्याचा पुरावा लॅबमधल्या कितीतरी रिळांच्या तोंडाशी जोडलेला होता. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. म्हणाला, पाण्यातून येते, गरोदर बाईला फार वाईट पडते, लवकर आणली असती तरी हमी देता आली नसती, पण लढता आलं असतं. आणि जाता जाता म्हणाला, बल्बच्या उजेडात कावीळ दिसत नाही, ती नेहमी उन्हात बघायची असते. त्याने हे सहज सांगितलं. काका भिंतीला टेकून खाली बसले.

बाळ पोटातच गेलेलं होतं. अनुपमा शनिवारी पहाटे गेली. शुद्धीवर आलीच नाही.

ती गेल्यावर चौदाव्या दिवशी काका कामावर आले. मुंडण केलेलं, चष्मा तोच. दशरथने स्टूल पुढे केलं, ते लगेच बसले नाहीत. मॅनेजरने आदल्या आठवड्यातच हुकूम दिला होता की ती पट्टी जाळून टाका आणि शकुची नवी काढलेली वापरा. आम्ही कुणी जाळली नव्हती. काकांनी कपाटातून डबा काढला, निळा दिवा पंचवीसवर नेला आणि अनुपमाची पट्टी छापायला दिली. प्रिंट आल्यावर ती काचेवर ठेवून कितीतरी वेळ बघत बसले. हात मांडीवर होते.

मग कंट्रोलमध्ये आले.

"रजिस्टर दे."

मी उघडून दिलं नाही. त्यांनीच पानं मागे उलटली आणि लाल शाईशी थांबले. बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखं, एकेक शब्द वाचला. करडा बरोबर. रसायन बरोबर. दिवा बरोबर. चेहरा पिवळा. बोट त्या दोन रेघांवर थांबलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"कधी?"

"गुरुवारी. चौथ्या दिवशी."

त्यांनी मान हलवली. मी रडत होते, ते रडत नव्हते. मी म्हणाले, काका, मला कळलं नाही मी काय लिहिलं ते, मी फक्त तुम्हाला हरवायला लिहिलं. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. त्यांनी माझ्या टेबलावरचं निळं पेन उचललं, झाकण काढलं आणि कोऱ्या राहिलेल्या जागेत सावकाश लिहिलं, 'वाचले'. खाली सही केली. तारीख त्या गुरुवारची घातली नाही. आजची घातली.